सातवं भोक

तुर्भ्याच्या मागे डोंगराचा घास तोडून
कुणी अर्धा टाकून गेलंय.
तिथं आता पाणी आहे. कागदावर अजून
'बंद दगडखाण क्रमांक नऊ.'
पालिकेला आकडे हवेत: पाणी किती, गाळ किती,
बागांचा मे महिना निभेल का.

यंत्र पिवळं, जेवणाच्या डब्याएवढं. दोन दिवे, चार पंखे.
कंपनीनं त्याला नंबर दिलाय. मी निवटी म्हणतो.
आमच्या दिव्याच्या खाडीत चिखलावर
डोळे वटारून बसते ना, ती.
केबलवर केणी. सैल सोड म्हटलं की ताणतो,
ताण म्हटलं की बिडी शोधतो.

तीन मीटर: शेवाळ, एक चप्पल, वेफरची पाकिटं.
सात: चिलापीची पोरं दिव्यात येऊन भांबावतात.
अकरा: क्रशरचा पट्टा, आडवा, सुसरीसारखा.
त्याच्या खाली पडद्यावर रंग उरत नाहीत.
लाल सगळ्यात आधी जातो.

बाई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
हातात गोधडी, पिळायची राहिलेली,
पाणी माझ्या बुटावर.
"मागं घे," म्हणाली. मला वाटलं, केणीला.
"मागं. त्यो कडा. जेवायचा कडा त्यो आमचा."

पडद्यावर नुसता कातळ.
"बारा वाजता हितं सावली यायची. तेवढीच.
वरनं बावन पायऱ्या. डोक्यावर भाकरी, पाठीला पोरगं."
निवटी वळवली. पायऱ्या होत्या.
मी खोलीचा आकडा वाचत होतो,
तिचे ओठ हलत होते.

मग भिंत. भिंतीत उभ्या अर्ध्या नळ्या,
कुणी बांबू चिरून लावावेत तशा.
सुरुंग उडाला की भोकाचा निम्मा भाग दगडात राहतो,
हे मला तिनं सांगितलं. मी डिप्लोमा केलाय.
एक, दोन, सहा.
आणि कड्याच्या माथ्यावर एक गोल, आख्खं.
निवटी त्याच्यासमोर थांबली,
दोघांचे डोळे सारखेच.

"सा आवाज झाले. यल्लप्पा बोटावर मोजायचा.
सातवा न्हाई झाला.
मंग तासभर कुणी जायचं न्हाई, कायदा हाय तसा.
लाल झेंडा धरून त्यो हुभा, आमी समदी वर.
तासाच्या आत जीप आली. सायबानं कागद वाचला.
खाण बंद. आजपासनं."
"मग?"
"मंग पंप बंद. पाऊस नव्हता तरी पाणी आलं,
खालनंच आलं. चौथ्या दिवशी कडा गेला."

यल्लप्पा आता कुठे, मी विचारलं नव्हतं.
"ऐरोलीला वॉचमन होता. काचंच्या बिल्डिंगीत.
धूळ काय तिथली नव्हती. हितलीच, छातीत."
गोधडीचं टोक तिनं पिळलं, सोडलं, परत पिळलं.
"भिजली आसंल न्हवं दारू?"
भिजली असेल, म्हणालो.
मला काय माहीत.

केणीनं, न सांगता, केबल तेवढीच धरली होती
जेवढी धरायला हवी.
बॅटरी अठरा टक्के. "जरा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.
पाण्याखाली काही हललं नाही,
तरी मी यंत्र हातभर मागे घेतलं.

रात्री फॉर्म भरायला बसलो.
तळाशी आढळलेल्या वस्तू: चप्पल, पट्टा, टायर.
भोक ही वस्तू नाही.
अडथळे: या रकान्यात पेन टेकवून
शाईचा ठिपका पडेपर्यंत बसलो. तो गोल आला.
गाळाची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहायची असते,
सेन्सरचे तीन आकडे, तिन्ही वेगळे.

ती जाता जाता म्हणाली होती,
"एक्कावनच दिसल्या. बावनावी गाळात हाय."
मी लिहिलं: गाळ, एक पायरी.
उद्या साहेबांचा फोन येईल.